अंतिम टप्प्यात

३ फेब्रुवारी

झोपेच्या डॉक्टरांनी रोज लिहायला सांगितलं आहे. काय लिहू विचारलं, तर म्हणाले, दिवसभरात काय झालं ते. मी म्हटलं, काहीच होत नाही. ते म्हणाले, मग तेच लिहा.

तर, आज चार महिन्यांनी कामावर गेले. हे गेले तेव्हापासून रजेवर होते. कोणीतरी माझी खुर्ची बदलली आहे. नवी जरा उंच आहे, पाय जमिनीला नीट टेकत नाहीत. बदलून मागता आली असती. मागितली नाही.

आमचा निधी सरकारी. शिक्षक, परिचारिका, बसचालक, पाणीपुरवठ्यातले लोक, या सगळ्यांच्या पगारातून दरमहा कापलेला पैसा आमच्याकडे येतो. आम्ही तो ठिकठिकाणी गुंतवतो आणि त्यातून त्यांचं पेन्शन निघतं. माझं काम पाहणीचं. पैसा जिथे गेला तिथे जायचं, काय दिसतं ते पाहायचं आणि लिहायचं. बावीस वर्षं हेच केलं. हे लोकांना सांगायचे, ‘हिला सरकार फिरायचा पगार देतं.’

साहेब स्वतः जागेवर येऊन विचारपूस करून गेले. माणूस म्हणून साहेबांना तोड नाही. हे दवाखान्यात होते तेव्हा तीनदा आले, बाहेरच्या बाकावर बसून राहिले. स्वतंत्र खोली त्यांनीच मिळवून दिली. बिलाचं विचारलं तर म्हणाले, ‘कल्याण निधीतून होतंय, तुम्ही त्यांच्याकडे बघा.’ एका फॉर्मवर सही केल्याचं आठवतं. पावती आली नाही आणि मीही मागितली नाही.

आज त्यांनी एक फाइल दिली. शीतगृहं बांधणारी कंपनी आहे. पहिला हप्ता गेलाय, दुसरा पाहणीसाठी थांबलाय. दोन जागा बघायच्या. ‘हलकं काम आहे बाई, सुरुवातीला बरं पडेल.’

वन्सं जेवायला थांबल्या होत्या. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं परिचारिका होत्या, लग्न केलं नाही. हे गेल्यावर आपली भाड्याची खोली सोडून माझ्याकडे आल्या. ‘तुझ्यासाठी नाही हं, भाडं वाचवायला आलेय,’ असं येईल-जाईल त्याला सांगतात.

६ फेब्रुवारी

पहिलं शीतगृह. निधीच्या गाडीने अडीच तास.

निळ्या पत्र्याची मोठी शेड, वर पाटी, पाटीचा रंग ताजा. राखणदाराने कुलूप काढलं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. थंडी धरून ठेवायला भिंतींना जाड तक्ते लावलेत, त्यांनी उकाडाच धरून ठेवला होता. मधोमध दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. राखणदाराची बायको म्हणाली, ‘इथे धूळ बसत नाही मॅडम. आणि वाळतातही लवकर.’

मागच्या खोलीत सिमेंटचे चार चौथरे, प्रत्येकावर चार बोल्ट. बोल्टांना नटसुद्धा नाहीत, म्हणजे त्यांच्यावर कधी काही बसलंच नाही. फाइलीत यंत्रं गेल्या वर्षी बसली आहेत.

राखणदाराने विचारलं, ‘यंत्रं कधी येणार मॅडम?’

‘तुम्हाला काय सांगितलंय?’

‘पुढच्या महिन्यात. दीड वर्ष झालं, पुढचाच महिना चालू आहे.’

पाच महिने त्याला पगार नाही. मग सोडून का जात नाही, असं विचारलं. म्हणाला, ‘डोक्यावर छप्पर आहे ना. पक्कं आहे.’ याआधी दोघंजण पाहणीला येऊन गेले म्हणे. गाडीतून उतरले नाहीत.

एकतीस फोटो काढले.

७ फेब्रुवारी

दुसरी जागा. फाटक होतं, भिंत नव्हती. आजूबाजूला नुसतं रान. तरीही आमच्या चालकाने उतरून फाटक उघडलं, गाडी आत घेतली आणि परत जाऊन फाटक लावलं. ‘रीत म्हणून,’ म्हणाला. मला हसू यायला हवं होतं.

घरी आल्यावर वन्संना हे सांगितलं, कपड्यांचंही सांगितलं. त्या खूप हसल्या. मग पुसत होत्या ते भांडं खाली ठेवून म्हणाल्या, ‘किती दिलेत यांना?’

मी आकडा सांगितला. त्यांनी पुन्हा भांडं उचललं.

९ फेब्रुवारी

अहवाल लिहिला. चार पानं. शेवटचं वाक्य: ‘दोन्ही ठिकाणी शीतगृह अस्तित्वात नाही.’ आवक विभागात दिला, क्रमांक घेतला.

११ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. अहवाल समोर होता. रागावले नाहीत. चहा मागवला, माझी झोप कशी आहे ते विचारलं.

‘बाई, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. मी नाही म्हणत नाही. पण समजा, हे वरच्या समितीपुढे गेलं, तर काय होईल? दुसरा हप्ता थांबेल. दुसरा थांबला की कंपनी बसेल. कंपनी बसली की पहिला हप्ता बुडाला. आणि बुडवला कुणी? तुमच्या या एका वाक्याने.’

चहा आला. त्यांनी एक कप माझ्याकडे सरकवला.

‘यंत्रं बंदरावर अडकलीत, कागद आहेत माझ्याकडे. एवढंच लिहा, प्रकल्प कार्यान्वित होण्याच्या अंतिम टप्प्यात आहे. यात खोटं काय आहे सांगा.’

मी विचार करून पाहिला. खोटं नेमकं कुठे आहे ते मला त्या वेळी सांगता आलं नाही. आत काहीतरी हलेल म्हणून थोडी थांबले. काही हललं नाही. हे गेल्यापासून असंच आहे. कुणी काही सांगितलं की ते पलीकडच्या खोलीत कुणाला तरी सांगितल्यासारखं ऐकू येतं.

जागेवर येऊन वाक्य बदललं, सही केली. फोटो जोडू नका म्हणाले, फाइल जड होते.

१२ फेब्रुवारी

माझ्या अहवालावर दुसरी सही समोरच्या टेबलावरच्या पडताळणी अधिकाऱ्याची लागते. वय पंचेचाळीसच्या आसपास. सगळे त्यांना स्वल्पविराम म्हणतात, कारण एकदा एका स्वल्पविरामासाठी त्यांनी मंत्रालयाचं पत्र परत पाठवलं होतं.

त्यांनी अहवाल वाचला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

‘बाई, अंतिम टप्पा म्हणजे कितवा?’

मी म्हटलं, ‘शेवटचा.’

‘त्याच्या आधीचे कुठे आहेत?’

मी पेनाला टोपण लावलं. ते म्हणाले, ‘फोटोंशिवाय मी सही करत नाही. तुमच्यावर राग नाही.’

ऑफिसच्या कॅमेऱ्यातले फोटो तोपर्यंत पुसले गेले होते. कॅमेरा दुरुस्तीला गेला होता म्हणे.

१९ फेब्रुवारी

स्वल्पविरामांची बदली झाली. तळघरात अभिलेख कक्ष आहे, जुन्या फाइली ठेवतात तिथे. पेटीत कप, चष्म्याची डबी आणि शब्दकोश भरून गेले. त्यांना कागदांची आवड आहे, कदाचित बरंच वाटेल तिथे. नियमात दुरुस्ती झाली आहे, आता एकच सही पुरते. माझी.

४ मार्च

मला बढती मिळाली. पाहणी विभागाची उपप्रमुख. तिसऱ्या मजल्यावर खोली, खिडकी रस्त्याच्या बाजूला. साहेब म्हणाले, सेवाज्येष्ठतेने मिळाली, माझ्यामुळे नाही.

शीतगृहांच्या कंपनीचे मालक अभिनंदनाला आले होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. गोरे, हळू बोलणारे, हात जोडून उभे राहिले. म्हणाले, ‘तुमच्यावर फार मोठा प्रसंग आला. पण शेवटी साहेबांना कोपऱ्यातली खोली मिळाली ना, झाडाच्या बाजूची? तेवढंच समाधान.’ साहेबांना म्हणजे यांना. खोली त्यांना कशी ठाऊक ते विचारायचं राहून गेलं. आमच्या साहेबांनी सांगितलं असेल. लोक किती लक्षात ठेवतात.

वन्सं म्हणाल्या, ‘पगार वाढला का?’ मी हो म्हटलं. ‘बरं,’ म्हणाल्या आणि पडद्यांची मापं घ्यायला लागल्या. त्यांना खुशी झाली की नाही ते कळलं नाही. मला झाली नाही एवढं नक्की.

२२ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. आता पाहणीला जावं लागत नाही. फोटो येतात, वाक्यं तयार येतात, मी सही करते. आज तीन केल्या. दुपारी जेवणानंतर जरा डोळा लागला. डॉक्टर म्हणतील, सुधारणा आहे.

३ जून

निधीने सूचना काढली. तांत्रिक कारणास्तव या महिन्याचं पेन्शन दोन भागांत मिळेल. दुसऱ्या भागाची तारीख नाही. सूचनेचा मसुदा माझ्याकडे आला होता, मी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली.

९ जून

सकाळपासून इमारतीसमोर निवृत्त लोकांची रांग. आम्हाला मागच्या दाराने यायला सांगितलं.

अकराच्या सुमारास खिडकीतून पाहिलं. रांग फूटपाथवरून वळून पार बँकेच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. कोणी छत्री उघडलेली, कोणी वर्तमानपत्र डोक्यावर धरलेलं. एक म्हातारा बसचालकाची जुनी टोपी घालून आला होता. त्याच्या शेजारी घडीच्या स्टुलावर वन्सं बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. शेजारणीच्या पायाकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. सूज बघत असणार, सवय आहे त्यांची.

त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. माझी खिडकी कोणती ते त्यांना माहीत आहे. पडद्यांची मापं त्यांनीच घेतली होती.

मी पडदा ओढला. मग वाटलं, ओढलेला दिसेल. पुन्हा उघडला आणि खिडकीपासून लांब बसले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, ‘आज काय केलंस?’

‘फाइली. तुम्ही?’

‘जरा बाहेर जाऊन आले.’

मग दोघी बातम्या बघत बसलो. बातम्यांत ती रांग होती. त्यात त्या दिसल्या नाहीत.

३० जून

साहेब वैद्यकीय रजेवर गेले. कुठे ते कोणाला सांगितलेलं नाही. मी दोनदा फोन लावला, त्यांच्या तब्येतीचं विचारायला. बंद होता.

८ जुलै

चौकशी. सरकारने बाहेरून अधिकारी नेमली आहे. साधारण माझ्या वयाची बाई, सर्दी झालेली, दर दोन वाक्यांनी रुमाल. मला तिची काळजी वाटली, गरम पाणी मागवू का विचारलं. ती म्हणाली, ‘बसा.’

शीतगृहांच्या अहवालावर सही माझीच आहे का? हो. पाहणीला गेला होतात? हो. शीतगृह होतं? मी म्हटलं, ‘अहवालात जे आहे ते आहे.’ आयुष्यभर पाहणी केल्यावर तोंडातून असं वाक्य निघावं.

मग तिने एक कागद पुढे केला. दवाखान्याचं बिल. रुग्णाच्या जागी यांचं नाव. पंचेचाळीस दिवस, स्वतंत्र खोली, औषधं, सगळं. ‘भरणा’ लिहिलं होतं तिथे शीतगृहांच्या कंपनीचा शिक्का.

‘कल्याण निधीतून होतंय, असं सांगितलं होतं मला.’

‘तुमच्या कार्यालयात कल्याण निधी नावाचं काही नाही बाई. कधी नव्हतंच.’

मी कागद पुन्हा पाहिला. त्यावर शेवटच्या दिवशीच्या ऑक्सिजनचीही नोंद होती. तोसुद्धा त्यांनीच भरला होता.

‘तुम्हाला माहीत नव्हतं?’

‘नाही.’

तिने ‘नाही’ लिहून घेतलं आणि रुमाल काढला.

१० जुलै

स्वल्पविराम दुपारी माझ्या खोलीत आले. तळघरात राहून रंग उतरलाय त्यांचा. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

‘बाई, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला तुम्ही आवक विभागात चार पानं दिली होती. क्रमांक पडलेला कागद परत घेतला तरी त्याची एक प्रत अभिलेख कक्षात येतेच. साहेब हे विसरले. तो विभाग कोणाच्या लक्षातच राहत नाही.’

‘मग?’

‘ती प्रत माझ्याकडे आहे. ती बाहेर आली, तर साहेबांनी अहवाल बदलून घेतला हे सिद्ध होतं. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं, हेही.’

‘नाही आली तर?’

‘तर साहेब म्हणतील, बाईंनी नीट पाहिलं नाही, दुःखात होत्या बिचाऱ्या. तुमच्यावर निष्काळजीपणाचा ठपका बसेल. एखादी वेतनवाढ जाईल. साहेब सुटतील.’

मी विचारलं, ‘तुम्ही काय करणार?’

‘मी सोमवारी देणार आहे. त्यात बदल नाही. पण आज गुरुवार आहे.’ दारापर्यंत जाऊन पुन्हा वळले. ‘तुमचा तो अहवाल फार चांगला आहे बाई. एकही शब्द इकडचा तिकडे करावासा वाटत नाही.’

१२ जुलै

शनिवार. सकाळी चहाच्या वेळी वन्संना सगळं सांगितलं. आधी वाक्याचं. ते त्यांना बहुतेक ठाऊकच होतं. मग खोलीचं.

त्या बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

‘छत्तीस वर्षं मी जनरल वॉर्डात काढली,’ त्या म्हणाल्या. ‘माणसं तिथेही नीट मरतात.’

मी मान खाली घातली.

‘तू विचारायला हवं होतंस, असं म्हणायला मला तोंड नाही. मीही विचारलं नाही. एवढी खोली, दोन-दोन नर्सा, कोण देतं हे फुकट, मला कळत नव्हतं थोडंच? पण तो खिडकीतून झाडाकडे बघत पडून असायचा. मला बरं वाटायचं.’

मी म्हटलं, ‘सोमवारी ते देणारच आहेत. मी गप्प राहिले तरी तेच होणार आहे.’

‘तेच नाही होणार. त्यांनी दिलं तर तू पकडली जाशील. तू दिलंस तर तू सांगितलेलं असेल.’ मग कप उचलून म्हणाल्या, ‘पण माझ्या पेन्शनीसाठी म्हणून काही करू नकोस. उपकार नकोत मला.’

१४ जुलै

नऊ वाजता तळघरात गेले. स्वल्पविरामांनी काही न विचारता पाकीट दिलं. साडेनऊला ते चौकशी अधिकारी बाईंच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, ‘हे मी पाहिलं होतं. नंतरचं मी लिहिलं.’

तिने चारही पानं वाचली. सर्दी गेली होती तिची. म्हणाली, ‘याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?’

कळतो म्हटलं. कळत होता. वाटत मात्र काही नव्हतं. त्यानंतर केलेल्या इतर सह्यांचीही यादी दिली, चौदा निघाल्या. घरी येताना चुकीच्या बसमध्ये बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले.

२ ऑगस्ट

निलंबनाचं पत्र मिळालं. खटला चालेल तो वेगळा. वकील म्हणतो, स्वतःहून दिलंत म्हणून सौम्य शिक्षा होईल, पण होईल. माझं स्वतःचं पेन्शन गोठवलं आहे.

१९ ऑगस्ट

साहेबांना विमानतळावर पकडल्याचं दाखवलं. दाढी वाढलेली, हातात औषधांची पिशवी. खरंच आजारी होते की काय. वन्संनी आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं.

बातमीच्या शेवटी खाली एक ओळ आली. निधीतलं नुकसान पाहता सर्वांचं पेन्शन पुढील सूचनेपर्यंत निम्मं राहील.

२५ ऑगस्ट

सकाळी वन्सं पांढऱ्या गणवेशाला इस्त्री करत होत्या. कपाटाच्या तळातून काढलेला, घड्यांवर पिवळा पडलेला. चौकातल्या खाजगी दवाखान्यात दिवसपाळी धरली आहे त्यांनी. अडुसष्ट वर्षांच्या आहेत.

मी म्हटलं, ‘या वयात घेतात?’

‘वय विचारत नाहीत. शीर सापडते का ते विचारतात.’ इस्त्री उभी ठेवून म्हणाल्या, ‘घरचं भागायला हवं ना. निम्म्यात दोघींचं होत नाही. डबा देशील का करून? सातला निघायचंय.’

डबा केला. त्या जिना उतरताना कठड्याला धरून उतरल्या, पण दाराबाहेर गेल्यावर सरळ चालायला लागल्या. मी खिडकीतून पाहत होते. आज पडदा ओढावासा वाटला नाही.

२८ ऑगस्ट

वन्सं सहाला आल्या. पाय सुजले होते. मी घमेल्यात कोमट पाणी मीठ घालून आणून ठेवलं. ‘ठेव तिथे, मी घेते,’ म्हणाल्या, पण मग वाकवेना म्हणून पाय पुढे केले. मी मोजे काढले. डाव्या टाचेला फोड आला होता.

बोलावं म्हणून विचारलं, ‘आज कसं होतं?’

‘ठीक. एक निवृत्त मास्तर आहेत, कंबरेचं हाड मोडलंय. बोलके आहेत. निम्म्या पेन्शनीत ऑपरेशन कसं करायचं म्हणत होते. मग म्हणाले, सिस्टर, तुमच्या घरी कोण असतं? मी म्हटलं, भावजय.’

मी टाच धुवत होते.

‘म्हणाले, काय करते?’

‘मग?’

‘मी म्हटलं, डबा करते.’

त्यांनी पाय घमेल्यातून काढून घेतला आणि स्वतःच पुसायला लागल्या. मी पाणी ओतायला मोरीत गेले. पाणी ओतून झालं, घमेलं धुऊन झालं, तरी नळ चालूच ठेवून उभी राहिले. काय झालं ते मला सांगता येत नाही. पाणी वाया जातंय, असं वन्संनी बाहेरून दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्या बोलल्या नाहीत, आणि आतही आल्या नाहीत.